सिलिकेट काचेत फॉस्फेट घालताना: हिशेबापासून स्पेक्ट्रमपर्यंत

सोलापुरातल्या एम.एस्सी. प्रोजेक्टांमध्ये आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात फॉस्फेट घातलेल्या सिलिकेट काचेचा विषय हमखास येतो. घटक स्वस्त, भट्टी विभागात असते, आणि हाडांसाठीच्या काचेचं नाव घेतलं की प्रस्तावही पटकन मंजूर होतो. अडचण शेवटी येते. घनतेचा आलेख वर-खाली उड्या मारतो, टीजी (काच मऊ पडायला लागते ते तापमान) उलट्या दिशेला जातो, रामनमधली (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रचना सांगणारा स्पेक्ट्रम) पट्टी भलतंच सांगते. मग दोष भट्टीला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा चूक पहिल्या दिवशी कागदावरच झालेली असते: फॉस्फेट नेमकं कशाच्या जागी घातलं, हेच ठरलेलं नसतं.

खालची पद्धत सोडा-चुना-सिलिकेट काचेसाठी आहे. ज्या काचेत बोरॉन किंवा ॲल्युमिनियम मुद्दाम घातलं आहे, तिला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

## टप्पा १: आधी मालिका ठरवा

सिलिकेटचं जाळं सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौफलकांचं असतं. सोडियम-कॅल्शियम आले की काही ठिकाणी ते तुटतं. एक चौफलक किती शेजाऱ्यांना जोडलेला आहे त्यावरून त्याला क्यू-४, क्यू-३, क्यू-२ म्हणतात. अशा सोडियम-कॅल्शियमयुक्त काचेत थोडं फॉस्फेट घातलं तर ते बहुतांश जाळ्यात शिरत नाही. ते सुटं ऑर्थोफॉस्फेट म्हणून राहतं आणि त्याच्या तीन ऋण प्रभारांसाठी सोडियम-कॅल्शियम ओढून घेतं. सिलिकेटच्या वाट्याचे हे आयन कमी झाले की तुटलेले जोड परत जुळतात. क्यू-२ चे क्यू-३ होतात, क्यू-३ चे क्यू-४.

हिशेब सोपा आहे. फॉस्फरस पेंटॉक्साइडचा एक मोल सोडियम ऑक्साइड किंवा कॅल्शियम ऑक्साइडचे तीन मोल खातो. दोन मोल टक्के घातलं तर सहा मोल टक्के गेले. म्हणून सिलिकेटची जोडणी, म्हणजे एक चौफलक सरासरी किती शेजाऱ्यांना जोडलेला आहे तो आकडा, अशी काढा:

जोडणी = ४ − २ × (सोडियम ऑक्साइड + कॅल्शियम ऑक्साइड − ३ × फॉस्फरस पेंटॉक्साइड) ÷ सिलिका

सगळे आकडे मोल टक्क्यांत. सूत्र बरोबर लावताय का, हे लॅरी हेंच यांच्या ४५एस५ बायोग्लासवर (हाडाला जोडली जाणारी काच) तपासा. तिची रचना सिलिका ४६.१, सोडियम ऑक्साइड २४.४, कॅल्शियम ऑक्साइड २६.९ आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड २.६. उत्तर २.११ यायला हवं. १.९ च्या आसपास आलं, तर तुम्ही फॉस्फरसला जाळ्याचा भाग धरलं आहे.

आता दोन मालिका बघा. मूळ काच दोन्हींची एकच: सिलिका ६०, सोडियम ऑक्साइड २५, कॅल्शियम ऑक्साइड १५. जोडणी २.६७.

मालिका अ: सिलिका काढून तिच्या जागी फॉस्फेट. चार मोल टक्क्यांना रचना ५६–२५–१५–४ होते आणि जोडणी थेट ३.०० वर जाते. जाळं घट्ट झालं.

मालिका ब: फॉस्फेट घालताना त्याला लागणारं सोडियम-कॅल्शियमही वाढवायचं. चार मोल टक्क्यांना रचना सिलिका ५०.४, सोडियम ऑक्साइड २८.५, कॅल्शियम ऑक्साइड १७.१, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४. जोडणी २.६७ वरच राहते.

दोन्ही काचांच्या बाटलीवर "४ टक्के फॉस्फेट" असंच लिहिलेलं असतं, पण त्या वागतात वेगवेगळ्या. प्रबंधात नुसतं "एक्स टक्के फॉस्फेट घातलं" असं लिहिणाऱ्याला परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारावा. माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा सहा काचांची एकच मालिका करण्यापेक्षा दोन्ही मालिकांच्या तीन-तीन काचा करा. फॉस्फेटचा परिणाम कुठला आणि जाळं घट्ट झाल्याचा कुठला, हे त्यातच वेगळं होतं.

सावधान: तीनास-एक हा हिशेब सोडियम-कॅल्शियम भरपूर असेल तोवरच चालतो. ते कमी पडायला लागले की पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेट एकमेकांना जोडलेले) आणि त्यापुढची रूपं दिसू लागतात. जवळजवळ नुसत्या सिलिकेत फॉस्फरस घातला तर तो जाळ्यातच बसतो. तिथे हे सूत्र गैरलागू आहे.

## टप्पा २: बॅचचं गणित

मालिका अ मधली चार टक्क्यांची काच, २० ग्रॅम तयार काच मिळावी म्हणून:

- सिलिका पावडर: १०.६४२ ग्रॅम
- सोडियम कार्बोनेट, निर्जल: ८.३८१ ग्रॅम
- कॅल्शियम कार्बोनेट: ४.७४९ ग्रॅम
- अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट: २.९११ ग्रॅम

एकूण २६.६८३ ग्रॅम. यातले ६.६८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि वाफ होऊन उडून जाणार. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, टप्पा ५ मध्ये तोच तुमचा साक्षीदार आहे.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, पेंटॉक्साइडच्या एका मोलला अमोनियम फॉस्फेटचे दोन मोल लागतात हे विसरणं. मग निम्मंच फॉस्फेट पडतं. दुसरी, मोल टक्के आणि वजनी टक्के यांची सरमिसळ. वरच्या काचेत ४ मोल टक्के म्हणजे वजनाने जवळजवळ ९ टक्के होतात. तिसरी, फॉस्फेटसाठी सोडियम फॉस्फेट वापरायचं आणि त्यातून आलेलं सोडियम कार्बोनेटमधून वजा करायचं नाही. यात मालिका अ नकळत मालिका ब कडे सरकते.

सिलिकॉनचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचा संदेश मोजून रचना काढणं) करायचा असेल तर तेही आत्ताच ठरवा. हा अणुकेंद्रक फार हळू शिथिल होतो, त्यामुळे मोजणीला वेळ लागतो. म्हणून काही जण बॅचमध्येच ०.१ मोल टक्का मँगनीजचं संयुग घालतात. तसा नमुना वेगळा बनवा. रंग किंवा प्रकाशशोषण मोजायच्या काचेत मँगनीज नको.

## टप्पा ३: कच्चा माल आणि ओलावा

शुद्ध फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरायच्या भानगडीत पडू नका. बाटलीचं झाकण उघडल्यापासून ते हवेतलं पाणी खायला लागतं, पाण्याशी उसळून रिॲक्शन देतं आणि तापवलं की वितळायच्या आधीच उडून जातं. वजन करेपर्यंत त्याचं वजन बदललेलं असतं. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट हा सरळ पर्याय आहे.

सोडियम कार्बोनेट २५० अंशांना दोन-तीन तास तापवा, डेसिकेटरमध्येच गार करा आणि लगेच वजन करा. बाटलीवर निर्जल छापलंय म्हणून ते निर्जल राहिलेलं असतं असं नाही. कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिकाही वाळवून घ्या. अमोनियम फॉस्फेट मात्र ओव्हनमध्ये तापवत बसू नका. नुसतं डेसिकेटरमध्ये ठेवा.

सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी, म्हणून लोक निर्धास्त असतात. परतीचा पाऊस लागला की हीच सवय अंगाशी येते. वजनकाट्यावर सोडियम कार्बोनेट ठेवलं आणि शेवटचा अंक हळूहळू वर चढताना दिसला, की समजा तो ओलावा आहे. काम थांबवा, माल पुन्हा वाळवा. निवड तुमच्या हातात असेल तर सगळ्या बॅचेसची वजनं दिवाळी ते जानेवारीतली गड्ड्याची यात्रा या काळात उरकून घ्या.

पडताळा: त्याच कागदावर सोडियम कार्बोनेटचं वजन दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या. तिसऱ्या दशांशात फरक नसेल तरच पुढे जा.

## टप्पा ४: मूस कुठली घ्यायची

पोर्सेलीनची मूस (वितळवायचं भांडं) नको. ती विरघळते.

प्लॅटिनम उत्तम, पण एक अट आहे. फॉस्फेट आणि काहीतरी क्षपणकारक एकत्र आलं, मग तो कोळशाचा कण असो, फिल्टर पेपरचा तुकडा असो की अमोनियम फॉस्फेटमधून सुटणारा अमोनिया, तर मोकळा झालेला फॉस्फरस प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो आणि मूस ठिसूळ होऊन तडकते. म्हणून आधीचं भाजणं ॲल्युमिनाच्या मुशीत करा. अमोनिया पूर्ण गेल्यावरच माल प्लॅटिनममध्ये घ्या.

आपल्याकडे बहुतेकांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ॲल्युमिनावरच भागवावं लागतं. हरकत नाही, पण मुशीतून ॲल्युमिनियम काचेत उतरतं आणि फॉस्फेटशी चटकन जोडलं जातं. असं झालेलं फॉस्फेट सुटं ऑर्थोफॉस्फेट उरत नाही, म्हणजे टप्पा १ चं गणितच हलतं. प्रत्येक रचनेला नवी मूस वापरा, वरच्या तापमानाला गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवू नका, आणि शेवटी काचेत ॲल्युमिनियम किती आलं ते मोजून निकालात लिहा. लपवू नका; ते रामनमध्ये दिसतंच.

## टप्पा ५: घोटणं आणि भाजणं

अगेटच्या खलात कोरडं घोटा. शेंगाचटणीसारखं कुटायचं नाही, सावकाश गोल घोटायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. घोटताना अमोनियाचा वास आला तर दचकू नका, अमोनियम फॉस्फेट आणि कार्बोनेट खलातच एकमेकांना भिडायला लागतात. ओलाव्यात हे जास्त होतं. म्हणूनच घोटलेली बॅच रात्रभर ठेवून घरी जाऊ नका. सकाळी डबीत गोळे झालेले असतात आणि झाकण उघडताच वास नाकात जातो. त्या मिश्रणाचं वजन आता कशाचं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

मूस एक तृतीयांशच भरा. भाजण्याचा क्रम असा:

१. २०० ते ३०० अंशांपर्यंत अगदी सावकाश, मिनिटाला दोन-तीन अंशांनी, आणि तिथे एक-दोन तास थांबा. अमोनिया आणि पाणी इथे निघतं. अमोनियम फॉस्फेट साधारण १९० अंशांना वितळून फसफसतं. घाई केली तर बॅच मुशीबाहेर येऊन भट्टीच्या विटेवर चिकटते.

२. पुढे ९०० ते ९५० अंशांपर्यंत जा आणि चार-पाच तास ठेवा. कार्बन डायऑक्साइड इथे जातो.

३. भट्टीतच गार होऊ द्या आणि मुशीसकट वजन करा.

पडताळा: घट ६.६८ ग्रॅमच्या आसपास हवी. घट कमी असेल तर कार्बोनेट शिल्लक आहे, पुन्हा भाजा. जास्त असेल तर माल उतू गेलाय, सोडियम-फॉस्फरस उडालंय किंवा कच्चा माल ओला होता. यातलं काय झालं हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्यात जास्त वगळली जाते ती हीच पायरी, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तीच आहे.

सावधान: अमोनिया निघताना भट्टीच्या खोलीत एक्झॉस्ट चालू हवा. उन्हाळ्यात बाहेरची झळ नको म्हणून खिडक्या बंद करून बसायची सवय असते. भाजण्याच्या दिवशी ती सोडा.

## टप्पा ६: वितळवणं आणि ओतणं

या रचनेला साधारण १३५० अंश, तासभर. कंथल तारेच्या साध्या मफल भट्टीला हे झेपत नाही; सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची भट्टी लागते. पहिलं वितळवणं झालं की ओता, गार करा, फोडून पूड करा आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास वितळवा. एकाच वेळी तीन तास ठेवण्यापेक्षा दोनदा थोडा-थोडा वेळ ठेवलेलं बरं. मिश्रण एकजीव होतं आणि सोडियम-फॉस्फरसही कमी उडतं.

ओतायला जाड पितळेची किंवा स्टीलची थोडी तापवलेली प्लेट घ्या. पाण्यात ओतू नका: पृष्ठभागावरचं सोडियम धुऊन जातं आणि पुढच्या मोजण्या बिघडतात.

थंड करण्याचा वेग इथे कळीचा आहे. फॉस्फेटवाली काच हळू थंड झाली तर तिच्यात फॉस्फेटचे सूक्ष्म थेंब वेगळे पडतात आणि ती दुधाळ होते. अपारदर्शक दुधी काच बनवताना कॅल्शियम फॉस्फेट मुद्दाम वापरतात ते याच कारणाने. वितळवताना वीज गेली आणि काच भट्टीतच निवली, तर तो नमुना "झाला" म्हणून मोजायला घेऊ नका. वीज आल्यावर पुन्हा वितळवून ओता. एकाच मालिकेतल्या दोन काचा दोन वेगवेगळ्या वेगाने थंड झाल्या तर त्यांची तुलना होत नाही.

पडताळा: काचेचा तुकडा काळ्या कागदावर ठेवून बाजूने टॉर्च मारा. निळसर झाक दिसली आणि आरपार बघताना पिवळट-नारिंगी वाटली, तर थेंब वेगळे पडायला सुरुवात झाली आहे.

## टप्पा ७: ताण काढणं

ओतलेली काच लगेच, टीजीच्या थोडं खाली तापवलेल्या दुसऱ्या भट्टीत तासभर ठेवा आणि मिनिटाला एक अंशाने उतरवा. टीजी माहीत नसेल तर आधी छोटा तुकडा डीएससीला (तापवताना उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) टाकून तो काढा. अंदाजाने तापमान जास्त ठेवलं तर टप्पा ६ मध्ये टाळलेलं वेगळं पडणं इथे होतं. ताण गेला का हे दोन आडव्या-उभ्या पोलरॉइड पट्ट्यांमध्ये काच धरून बघा. उजळ डाग दिसले तर ताण आहे.

## टप्पा ८: रचना तपासणं, याच क्रमाने

एक्स-रे विवर्तन आधी. नुसता रुंद उंचवटा दिसला की स्फटिक नाहीत एवढंच कळतं. काचेत काच वेगळी पडली असेल तर ती इथे दिसत नाही. डीएससीमध्ये एकाऐवजी दोन टीजी दिसले तर संशय घ्या.

मग रासायनिक घटक. इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले-चांगले सापडतात. एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुन्यावर सोन्याचा मुलामा देतात आणि त्याच नमुन्यावर ईडीएसने (क्ष-किरणांवरून घटक मोजायची पद्धत) फॉस्फरस मोजतात. फॉस्फरसची रेषा २.०१ केईव्हीला (क्ष-किरणाच्या ऊर्जेचं एकक), सोन्याची २.१२ ला, प्लॅटिनमची २.०५ ला. रेषा एकमेकींवर चढतात आणि फॉस्फरसचा आकडा निरर्थक होतो. फॉस्फरस मोजायचा तर कार्बनचा मुलामा मागा, आणि नमुना देतानाच ऑपरेटरला सांगा. तुम्ही बोलला नाहीत तर सोनंच लागतं.

रामन. सर्वात जास्त चुकीचं वाचन इथलंच. ऑर्थोफॉस्फेटची ताठ, टोकदार पट्टी ९४० ते ९६० सेंमी⁻¹ च्या आसपास येते, आणि सिलिकेटच्या क्यू-२ ची पट्टीही त्याच भागात येते. फॉस्फेट वाढवलं की ही पट्टी वाढते. लगेच लिहिलं जातं, "फॉस्फेटमुळे क्यू-२ वाढले, जाळं तुटलं." मालिका अ मध्ये खरं नेमकं उलट आहे. ११०० च्या आसपासच्या क्यू-३ पट्टीकडे बघा. जाळं तुटत असतं तर ती खचली असती. ९५० ची पट्टी वाढूनही ११०० ची टिकली किंवा वाढली, तर वाढ फॉस्फेटची आहे.

एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाचं शोषण). ५६० ते ६०० च्या पट्ट्यात एकच रुंद पट्टी म्हणजे काचेतलं फॉस्फेट. तिची ५६० आणि ६०० अशी दोन शिखरं झाली तर ॲपेटाइटचे (हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेट) स्फटिक आलेत. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड) गोळी करत असाल तर केबीआर वाळवलेलं हवं, नाहीतर पाण्याची पट्टी सगळं झाकते.

एनएमआर. वरचे सगळे अंदाज इथे पक्के होतात. सोडियम-कॅल्शियमच्या अशा काचेत ऑर्थोफॉस्फेट फॉस्फरसच्या स्पेक्ट्रममध्ये साधारण ८ ते १० पीपीएमला दिसतं. पायरोफॉस्फेट त्याच्या खूप खाली, शून्याकडे किंवा ऋण बाजूला. सिलिकॉनच्या स्पेक्ट्रममध्ये क्यू-२ उणे ८० च्या आसपास, क्यू-३ उणे ९० च्या आसपास. मालिका अ मध्ये शिखर जास्त ऋण बाजूला सरकायला हवं, मालिका ब मध्ये जागेवर राहायला हवं. घन नमुन्यांची ही मोजणी पुण्याला करून घ्यावी लागते. पूड झिपच्या पिशवीत टाकून हुतात्मा एक्सप्रेसने पाठवू नका. ताजी केलेली पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, कुपी सिलिका जेलच्या डबीत. सोडियमवाल्या काचेची पूड दमट हवेत पृष्ठभागावर खराब होते.

## टप्पा ९: गुणधर्म मोजताना

घनता. पाण्यात मोजू नका. टोल्यूइन किंवा झायलीन घ्या. द्रवाचं तापमान मात्र दर वेळी थर्मामीटर बुडवून लिहा. टोल्यूइनची घनता २० अंशांना ०.८६७ आणि ४० अंशांना ०.८४८ च्या आसपास. एप्रिलमध्ये इथल्या प्रयोगशाळेत चाळीस अंश हे काही नवल नाही. पुस्तकातला २० अंशांचा आकडा वापरला तर दोन टक्क्यांची चूक आली, आणि तुमच्या मालिकेतला पूर्ण फरकच तेवढा असू शकतो. टोल्यूइन पेटतं, भट्टीच्या खोलीत ते नको.

टीजी. "जाळं घट्ट झालं म्हणजे टीजी वाढणारच" हे आधीच लिहून ठेवू नका. सोडा-चुना-फॉस्फोसिलिकेट काचांमध्ये जाळं घट्ट होऊनही फॉस्फेट वाढताना टीजी उतरल्याच्या नोंदी आहेत, कारण ऑर्थोफॉस्फेटचा वेगळा भाग आपलं काम करत असतो. औष्णिक प्रसरण हा त्यापेक्षा चांगला साक्षीदार. मालिका अ मध्ये जाळं जुळलं की ते कमी होतं. डीएससीला सगळ्या नमुन्यांचा कणांचा आकार आणि तापवण्याचा वेग एकच ठेवा, मिनिटाला १० अंश हा नेहमीचा.

पाण्यातली झीज. पूड एकाच चाळणीतून काढलेली, पाणी डिस्टिल्ड. सोलापूरच्या बोअरचं पाणी इतकं जड असतं की काचेतून किती कॅल्शियम आलं आणि पाण्यात आधीच किती होतं, हे वेगळं काढता येणार नाही. ३७ अंशांना बंद बाटलीत ठेवा आणि ठराविक वेळांनी पीएच व विरघळलेलं फॉस्फेट मोजा. सुटं ऑर्थोफॉस्फेट जाळ्याला जोडलेलं नसल्याने लवकर बाहेर येतं, म्हणून पहिल्या काही तासांचे नमुने जवळजवळच्या वेळांना घ्या. उशीर केला तर आलेखाचा चढच हातून निसटतो. मालिका अ मध्ये फॉस्फेट वाढवल्यावर पीएचची चढण साधारणपणे मंदावते. बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइडही पीएच खाली आणतो, त्यामुळे काच न घातलेली तशीच एक बाटली शेजारी ठेवा आणि प्रत्येक वेळी तिचाही पीएच लिहा.